तेच प्रथिन, पत्ता वेगळा

बहुतेक औषधे रोगाला कारणीभूत असलेल्या प्रथिनाला चिकटून त्याचे काम बंद पाडतात. प्रथिन मात्र पेशीत तसेच राहते. त्यापेक्षा ते प्रथिनच नष्ट केले तर? २००१ मध्ये अमेरिकेत क्रेग क्रूज आणि रेमंड डेशे यांच्या गटांनी असे करणारा पहिला रेणू सादर केला. अशा रेणूंना ‘प्रोटॅक’ म्हणतात.

प्रोटॅकचे एक टोक नको असलेले प्रथिन पकडते, तर दुसरे टोक ‘ई-३ लायगेज’ प्रकारचे विकर. दोघे शेजारी आले, की प्रथिनावर ‘नष्ट करा’ अशी खूण ठरणारी युबिक्विटिनची साखळी चढते आणि प्रोटिएझोम हे पेशीतले विल्हेवाट-यंत्र त्याचे तुकडे करते. पेशीतील युबिक्विटिनची ही मूळ व्यवस्था शोधल्याबद्दल चिहानोव्हर, हर्श्को आणि रोझ यांना २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

पण सगळी मदार जागेवर आहे. प्रोटिएझोम पेशीद्रवात आणि केंद्रकात असतात, तंतुकणिकेच्या आत नसतात. ज्या गल्लीत घंटागाडी शिरतच नाही, तिथला कचरा कोण उचलणार? पेशीपटलातील ग्राही प्रथिनाचा निदान आतला भाग तरी प्रोटॅकच्या हाती लागतो. पेशीबाहेरचे प्रथिन लागत नाही.

लायगेजचा ठावठिकाणाही तितकाच निर्णायक ठरतो. अमेरिकेतील स्क्रिप्स संशोधन संस्थेत बेंजामिन क्रॅव्हट यांच्या गटाने २०१९ मध्ये हे दाखवून दिले. ‘एफकेबीपी१२’ हे प्रथिन त्यांनी काही पेशींत केंद्रकात, तर काहींत पेशीद्रवात ठेवले आणि दोन्हींना एकच रेणू दिला. केंद्रकातले प्रथिन घटले, पेशीद्रवातले टिकून राहिले. कारण हा रेणू लायगेजमधल्या ज्या ‘डीसीएएफ१६’ या घटक-प्रथिनाला कामाला लावत होता, ते केंद्रकातच असते. ते काढून टाकलेल्या पेशींत केंद्रकातले प्रथिनही वाचले.

यात मर्यादा आहे, तशी संधीही. एखादे प्रथिन केंद्रकात अपायकारक आणि पेशीद्रवात गरजेचे असेल, तर केवळ केंद्रकातले नष्ट करणारे औषध घडवता येईल. पेशीबाहेरच्या प्रथिनांसाठी स्टॅनफर्डच्या कॅरोलिन बर्टोझी यांच्या गटाने २०२० मध्ये ‘लायटॅक’ मांडले. हे रेणू प्रथिनाला आत ओढून लयकारिकेकडे, म्हणजे पेशीतल्या पचनकप्प्याकडे, धाडतात.

मानवी पेशींत सहाशेहून अधिक ई-३ लायगेज आहेत; प्रोटॅकसाठी मात्र मुख्यतः सेरेब्लॉन आणि व्हीएचएल ही दोनच वापरली जातात. उरलेल्यांपैकी कोणते पेशीत कुठे राहते, हे नीट कळल्याशिवाय या औषधांचा पल्ला वाढणार नाही.