उन्हाचे घड्याळ आणि पाळण्याची रांग

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत करमणुकीचा मोसम चैत्रात सुरू होतो. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावची पंचमंडळी तेथे येऊन यात्रेसाठी फडाची सुपारी ठरवतात आणि पुढचे दीड-दोन महिने या परिसरात कोठे ना कोठे देवाची पालखी, कुस्त्यांचा आखाडा आणि आकाशपाळणे असतातच. बैलगाडा शर्यतींचा अपवाद सोडला, तर या साऱ्या कार्यक्रमाचे वेळापत्रक उन्हाने घालून दिलेले असते. कुस्त्या ऊन उतरल्यावर लागतात, पाळणे दिवेलागणीला भरू लागतात आणि तमाशा रात्रीच रंगतो. भर वैशाखात दुपारी बारा वाजता लोखंडी पाळण्यात बसण्याची कल्पना याच परिसरातील खोडद गावच्या कोणत्याही शहाण्या माणसाला सुचणार नाही.

थीम पार्क मात्र नेमक्या याच वेळेत चालते. यात्रेतील पाळणे आज या गावी, तर उद्या त्या गावी असे फिरते असतात. थीम पार्क म्हणजे कायमस्वरूपी बांधलेले असे मनोरंजन उद्यान, ज्यातील पाळणे, इमारती, खाद्यगृहे आणि कर्मचाऱ्यांचे पोशाखसुद्धा एखाद्या कथेभोवती किंवा कल्पनेभोवती रचलेले असतात. अमेरिकेत 17 जुलै 1955 रोजी उघडलेल्या डिस्नेलँडने हा नमुना जगापुढे ठेवला. भारतात दिल्लीचे अप्पू घर 1984 मध्ये आणि मुंबईजवळ गोराई येथील एस्सेल वर्ल्ड 1989 मध्ये सुरू झाले, तरी ही दोन्ही प्रामुख्याने पाळण्यांची उद्याने होती. कथेभोवती रचलेले मोठे उद्यान महाराष्ट्राला मिळाले ते 2013 मध्ये, खोपोली-पाली रस्त्यावरील इमॅजिकाच्या रूपाने. चित्रपटव्यवसायातील मनमोहन शेट्टी यांनी उभारलेले हे उद्यान 2022 मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आले. लोणावळा व शिर्डी येथील जलउद्याने चालवणारा हा समूह पुणे-नाशिक महामार्गावरील, म्हणजे नारायणगावकरांच्या नित्याच्या वाटेवरील गावचा आहे. खोडदच्या आसपास असे उद्यान उभे राहण्याची शक्यता कमीच, कारण तेथील महाकाय रेडिओ दुर्बिणीला परिसरातील विद्युतचुंबकीय गोंगाटाचा अडथळा होऊ नये म्हणून उद्योगांवर निर्बंध आहेत. त्यामुळे इथल्या कुटुंबाला पाळण्यांसाठी घाट उतरावाच लागतो.

या सहलीचे नियोजन बिघडते ते बहुधा तारीख ठरवतानाच. शेतकरी कुटुंबाला सवड मिळते ती उन्हाळी कांदा चाळीत गेल्यानंतर आणि मृग नक्षत्र लागण्यापूर्वी, म्हणजे मे महिन्यात. शाळांना सुट्टी तेव्हाच असते, मुंबई-पुण्याचे पाहुणेही तेव्हाच गावी आलेले असतात, आणि सर्व मराठी मुलुखाची सवड एकाच पंधरवड्यात येत असल्याने उद्यानातील गर्दी आणि हवेतील उष्मा यांचे शिखर एकत्रच गाठले जाते. पावसाळ्यात गर्दी घटते, पण घाटाच्या पायथ्याशी पाऊस इतका धोधो कोसळतो की, विजा चमकू लागल्या किंवा वारा सुटला म्हणजे उघड्यावरील मोठे पाळणे थांबवावे लागतात. डिसेंबर-जानेवारीत हवा उत्तम असते, मात्र शालेय सहलींच्या बसगाड्या याच दिवसांत येत असल्यामुळे आठवड्यातील मधला वार मोकळा मिळेलच असे नाही. हे सारे जमेस धरले, तर दिवाळीची सुट्टी संपता संपता येणारा सोमवार ते गुरुवारपैकी एखादा दिवस किंवा जानेवारीचा शेवटचा आठवडा हा काळ सर्वांत सोयीचा ठरतो. ज्यांना मे महिन्यावाचून पर्याय नाही त्यांच्यासाठी पुढील विवेचन अधिक गरजेचे आहे.

खोडदहून नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर, चाकण आणि तळेगाव असे करत द्रुतगती मार्गाला लागले की बोरघाट उतरून खोपोली येते. हे अंतर सव्वाशे ते दीडशे किलोमीटरच्या दरम्यान भरते. वेळ मात्र अंतरावर कमी आणि चाकणच्या कोंडीवर अधिक अवलंबून असते. कारखान्यांच्या पाळ्या बदलण्यापूर्वी चाकण ओलांडायचे असेल तर पहाटे पाचच्या सुमारास घर सोडणे इष्ट. उशिरा निघालेले कुटुंब उद्यानाच्या दारात पोहोचते ते साडेबाराच्या उन्हात, आणि तोवर दिवसातील सर्वांत कमी गर्दीचा तास हातचा गेलेला असतो.

या प्रवासात अंतरापेक्षा महत्त्वाचा बदल हवेत होतो, आणि त्याची जाणीव फार थोड्यांना असते. खोडद समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवरील पठारावर आहे, तर खोपोली साठेक मीटरवर. पठारावरील उन्हाळा कोरडा असतो. पारा 38-39 अंशांवर गेला तरी घाम लगेच वाळतो आणि झाडाखाली बसल्यावर बरे वाटते. घाम वाळणे म्हणजे त्याची वाफ होणे, आणि प्रत्येक ग्रॅम घामाची वाफ होताना शरीरातील सुमारे 580 कॅलरी एवढी उष्णता बाहेर जाते (ही भौतिकशास्त्रातील लहान कॅलरी होय, आहारतक्त्यातील कॅलरी तिच्या हजारपट असते). शरीर थंड ठेवण्याचा हा सर्वांत प्रभावी मार्ग, खोपोलीप्रमाणे हवेत आधीच भरपूर बाष्प असेल, तर खुंटतो. घाम येतो, अंगावरून ओघळतो, पण वाळत नाही आणि म्हणून उष्णताही नेत नाही. हवामानशास्त्रात तापमान आणि आर्द्रता यांचा हा एकत्रित परिणाम उष्मा-निर्देशांकाने मोजतात. हवेचे तापमान 35 अंश असताना आर्द्रता 40 टक्के असेल तर शरीराला ते सुमारे 37 अंशांसारखे जाणवते, परंतु आर्द्रता 60 टक्के झाली की तेच तापमान 45 अंशांसारखे जाणवते, आणि हे आकडे सावलीतील आहेत. भारतीय हवामान विभाग उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी भागात 40 अंशांपासून, तर किनारपट्टीवर 37 अंशांपासूनच करतो, त्यामागेही हेच कारण आहे. त्यामुळे मोबाइलवर खोपोलीचे तापमान नारायणगावपेक्षा दोन अंशांनी कमी दिसले म्हणून निर्धास्त होणे चुकीचे आहे.

याची दुःखद साक्ष खोपोलीच्याच रायगड जिल्ह्यात आहे. 16 एप्रिल 2023 रोजी खारघर येथे उघड्या मैदानावर झालेल्या राज्य पुरस्काराच्या सोहळ्यात तासन्‌तास उन्हात बसलेल्या लोकांपैकी 14 जण उष्माघाताने मृत्युमुखी पडले; त्या दिवशी पारा चाळिशीच्या आतच होता. उष्माघात म्हणजे शरीराची तापमान-नियंत्रणाची यंत्रणाच कोलमडणे. शरीराचे तापमान 40 अंशांपलीकडे जाते, माणूस असंबद्ध बोलू लागतो, झोक जातो आणि शुद्ध हरपू शकते. त्याआधीच्या पायरीवर, म्हणजे डोकेदुखी, मळमळ, पोटऱ्यांत गोळे आणि विलक्षण थकवा दिसताच माणसाला सावलीत नेऊन अंग ओले करणे आणि वारा घालणे आवश्यक असते. लहान मुलांच्या बाबतीत धोका अधिक असतो, कारण खेळाच्या नादात ती तहान सांगत नाहीत, आणि मूल अचानक किरकिर करू लागले तर तो हट्ट समजून दटावण्यापेक्षा आधी पाणी द्यावे.

उन्हात माणूस सर्वाधिक वेळ उभा राहतो तो रांगेत, म्हणून उष्म्याचा प्रश्न अखेर रांगेच्या प्रश्नाशी येऊन मिळतो. ओझरच्या विघ्नहराला अंगारकीच्या दिवशी गेलेल्या जुन्नरकराला दर्शनबारी नवी नाही, परंतु रांगेचे गणितही असते हे सहसा ठाऊक नसते. कोपनहेगनच्या दूरध्वनी केंद्रात काम करणाऱ्या आग्नेर एर्लांग या गणितज्ञाने 1909 मध्ये ताटकळणाऱ्या दूरध्वनींचा अभ्यास करून या शास्त्राचा पाया घातला आणि 1961 मध्ये जॉन लिटल यांनी त्यातील सर्वांत उपयुक्त नियम सिद्ध केला. सोप्या शब्दांत सांगायचे तर पुढे उभ्या असलेल्या माणसांच्या संख्येला, मिनिटाला किती माणसे आत घेतली जातात त्या संख्येने भागले की थांबण्याचा काळ मिळतो. एका गाडीत 24 जण बसतात आणि दर तीन मिनिटांनी एक गाडी सुटते असे धरले, तर मिनिटाला आठ जण पुढे सरकतात. पुढे 360 माणसे असतील तर 45 मिनिटे लागणार. दोन गाड्यांपैकी एक दुरुस्तीला गेली असेल तर तीच रांग दीड तासाची होते. म्हणून रांगेची लांबी पाहून निर्णय घेऊ नये, तर दोन गाड्यांमधील अंतर घड्याळावर मोजावे आणि मगच रांगेत शिरावे. वळणावळणांच्या कठड्यांमुळे लांब रांगही आटोपशीर भासते, ही उद्यानांची जुनी योजना आहे, आणि रिकामा वेळ भरलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो हे डेव्हिड मायस्टर यांचे 1985 मधील निरीक्षण लक्षात घेऊनच रांगेच्या भिंतींवर चित्रे आणि पडदे लावलेले असतात. ही सोय चांगलीच, मात्र मन रमले म्हणून शरीराला लागणारे ऊन कमी होत नाही.

हेच गणित पुढे नेले तर एक कटू पण उपयोगी निष्कर्ष हाती येतो. आठ तासांच्या दिवसातून जेवण, चालणे आणि विश्रांती यांचे तीन तास वजा केले आणि प्रत्येक मोठ्या पाळण्याला जाऊन-येऊन एक तास धरला, तर मे महिन्यातील रविवारी पाचाच्या वर मोठे पाळणे होत नाहीत. तिकिटाचे पैसे वसूल व्हावेत म्हणून सगळेच करण्याचा अट्टहास हा या सहलीचा खरा शत्रू आहे. जादा पैसे देऊन स्वतंत्र रांगेतून जाण्याची एक्स्प्रेस तिकिटे मिळतात. वर्षातून एकदाच जाणाऱ्या आणि सोबत वृद्ध असलेल्या कुटुंबाने गर्दीच्या दिवशी त्यांचा विचार अवश्य करावा, पण मधल्या वारी तो खर्च बहुधा वाया जातो.

मग पाच पाळणे कोणते आणि कोणत्या क्रमाने, हे ठरवताना छपराचा निकष सर्वांत महत्त्वाचा. इमॅजिकातील नायट्रो हा रोलर कोस्टर, म्हणजे साखळीने उंचावर नेऊन मग केवळ गुरुत्वाकर्षणावर सोडून दिलेली रुळांवरची गाडी, पूर्णपणे उघड्यावर आहे. त्याची उंची सुमारे 40 मीटर, म्हणजे खोडदच्या दुर्बिणीतील एका तबकडीच्या 45 मीटर व्यासाहून थोडी कमी. तेवढ्यावरून घसरणारी गाडी तळाशी ताशी 100 किलोमीटरच्या आसपास वेग घेते आणि वाटेत प्रवाशांना पाच वेळा उलटे करते. असे उघड्यावरील पाळणे दार उघडताच पहिल्या तासात करावेत. दुपारी बारा ते चार या वेळात बंदिस्त इमारतींमधील प्रकार घ्यावेत: 1987 च्या चित्रपटावर आधारलेला मिस्टर इंडिया, भव्य पडद्यासमोर अधांतरी बसवून देशाचे विमानदर्शन घडवणारा आय फॉर इंडिया, अलीबाबाच्या गुहेतील नेमबाजी, किंवा अंधारातून धावणारा डीप स्पेस. राजासॉरसची नौकासफरही मुलांना आवडते, आणि हा डायनासोर काल्पनिक नसून गुजरातेत नर्मदेच्या खोऱ्यात सापडलेल्या अवशेषांवरून 2003 मध्ये शास्त्रज्ञांनी नाव दिलेला खरा प्राणी आहे, हे मुलांना आधी सांगितले तर त्या सफरीला निराळाच अर्थ येतो. साडेचारनंतर ऊन कलले की पुन्हा उघड्यावर यावे. कोणता पाळणा त्या दिवशी बंद आहे हे प्रवेशद्वारावरच विचारून घेतले, तर क्रम वेळीच बदलता येतो.

उंचीची अट घरीच तपासावी. मोठ्या पाळण्यांसाठी साधारणतः 120 ते 140 सेंटिमीटर उंची लागते, कारण आसनावरील अडसर त्याहून लहान शरीराला नीट धरून ठेवू शकत नाही. तासभर रांगेत उभे राहून मोजपट्टीपाशी परत फिरलेल्या मुलाची समजूत घालणे कठीण असते. गर्भवती स्त्रिया, हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा मणक्याचा त्रास असणारे यांनी वेगवान पाळणे टाळावेतच.

बहुतेक उद्यानांत बाहेरचे अन्न नेऊ देत नाहीत, म्हणून न्याहारी वाटेतच पोटभर करावी आणि दुपारचे जेवण एकच्या गर्दीऐवजी साडेअकराला उरकावे. पाणी तहान लागण्याची वाट न पाहता दर अर्ध्या तासाने प्यावे. जलसंजीवनीची पाकिटे खिशात मावतात. ती नसतील तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे प्रमाण पाठ असावे, आणि ताक किंवा कोकम सरबत मिळाल्यास ते बाटलीबंद गोड पेयांपेक्षा केव्हाही सरस. डोक्याला टोपी किंवा उपरणे आणि अंगात सैल सुती कपडे असावेत. जलउद्यानात मात्र सुती कपडे चालत नाहीत, तेथे नायलॉनचा पोहण्याचा पोशाख लागतो. पाण्यात असतानाही त्वचा भाजते आणि घाम येतच राहतो, त्यामुळे जलउद्यान म्हणजे उष्म्यावरचा संपूर्ण इलाज आहे असे समजू नये.

ज्या घरात पाच वर्षांखालील मूल किंवा सत्तरी ओलांडलेले आजी-आजोबा आहेत, त्यांनी मे महिन्यात घाट उतरूच नये, असे या साऱ्या विचारांती म्हणावे लागते. लोणावळा खोडदइतक्याच उंचीवर आहे, तेथील जलउद्यान घाट न उतरता गाठता येते आणि तेथील हवा पायथ्यापेक्षा सुसह्य असते; मोठी सहल दिवाळीपर्यंत थांबू शकते. आणि उद्यानचालकांकडे प्रत्येक कुटुंबाने आग्रहाने मागाव्यात अशा तीन गोष्टी आहेत: रांगेवर सलग छप्पर, रांगेतच पिण्याचे पाणी आणि प्रवेशद्वारावर प्रत्येक पाळण्याचा प्रत्यक्ष थांबण्याचा काळ दाखवणारा फलक. तिकीट काढण्यापूर्वी दूरध्वनी करून या तिन्हींची चौकशी करावी.