तीन इंचांचे पाऊल

हातापायाला पट्टी बांधली की आम्ही नर्स आधी बोटे बघतो. बोटे निळी पडली, गार लागली, मुंग्या आल्या, तर पट्टी घट्ट झाली आहे. ती लगेच सोडायची. चीनमध्ये मात्र सुमारे हजार वर्षे मुलींच्या पायांवर अशी पट्टी मुद्दाम आवळली गेली. आवळणारी बहुधा घरचीच आई किंवा आजी असे.

मुलगी पाच-सहा वर्षांची, हाडे कोवळी. अंगठा सोडून चारही बोटे तळव्याखाली दुमडायची आणि लांब पट्टीने पाऊल टाचेकडे ओढून बांधायचे. काही दिवसांनी पट्टी सोडून आणखी घट्ट करायची. बोटांची हाडे मोडत, नखे मांसात रुतत, जखमांत पू होई. काही मुलींची बोटे सडून गळत, काही मुली दगावत. तीन इंचांच्या अशा पावलाला 'सोन्याचे कमळ' म्हणत.

हे दुखणे म्हातारपणीही सुटले नाही. 1990 च्या दशकात बीजिंगमधल्या वृद्ध स्त्रियांची तपासणी झाली. पाय बांधलेल्या स्त्रिया जास्त वेळा पडत होत्या. उकिडवे बसणे, आधाराशिवाय उठणे त्यांना जड जात होते.

मग आई हे का करी? मोठ्या पायाच्या मुलीला चांगले स्थळ मिळणार नाही, ही भीती. सोंग राजवटीत (960-1279) ही प्रथा वरच्या घरांत पसरली, पुढे गरिबांतही आली. शेतात राबणाऱ्या हाक्का समाजाच्या बायकांनी मात्र पाय बांधले नाहीत.

सतराव्या शतकात बादशहाने बंदी घातली, पण ती टिकली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ठिकठिकाणी मंडळे निघाली. सभासद दोन शपथा घेत: मुलीचे पाय बांधणार नाही, आणि मुलाला पाय बांधलेली सून करणार नाही. दुसऱ्या शपथेने लग्नाची भीतीच संपवली. 1912 मध्ये नव्या प्रजासत्ताकाने बंदीचा हुकूम काढला, तरी दूरच्या खेड्यांत प्रथा आणखी काही दशके चालली.

त्या आईला निर्दय म्हणणे सोपे आहे. ती पोरीच्या भल्यासाठीच पट्टी आवळत होती. मुलाकडच्यांनीही शब्द दिला, तेव्हा तिचा हात सैल झाला. 'लोक काय म्हणतील' म्हणून आपणही मुलीच्या शरीराला जाच होईल असे काही करत असू, तर एकट्या आईला बोल लावू नये. मुलीचे घर आणि मुलाचे घर, दोघांनी मिळून ठरवावे.