अक्षरांच्या पडद्यावरील खिडक्या

लिनक्स किंवा मॅक संगणकावर ‘टर्मिनल’ नावाचा कार्यक्रम उघडला, की समोर येणारी चौकट बहुधा २४ ओळी आणि ८० स्तंभांची असते. ही मापे आजच्या कोणत्याही पडद्यावरून आलेली नाहीत. ८० हा आकडा आयबीएमने १९२८ मध्ये आणलेल्या छिद्रपत्रिकेचा. २४ ओळी रूढ झाल्या त्या १९७० च्या दशकातील काचेच्या पडद्यांमुळे. त्या काळी एक मोठा संगणक असे आणि त्याला तारेने जोडलेली अनेक टर्मिनले असत. टर्मिनल म्हणजे कळफलक व पडदा, एवढेच. चित्र काढण्याची त्याची ऐपत नव्हती. मुख्य संगणकाकडून येणारे अक्षर नेमून दिलेल्या घरात उमटवणे, हे त्याचे काम. अशा पडद्यावर एकाच वेळी दोन-तीन कामांच्या ‘खिडक्या’ उघडता याव्यात, यासाठी झालेल्या प्रयत्नांचा इतिहास जवळजवळ पन्नास वर्षांचा आहे.

पहिली अडचण भाषेची होती. कर्सर अमुक ओळीत, अमुक स्तंभात न्यावा, हे सांगण्यासाठी प्रत्येक कंपनीचे संकेत निराळे. लिअर सीगलरच्या एडीएम-३ए या टर्मिनलला ‘एस्केप’ या संकेतानंतर बरोबरीचे चिन्ह लागे. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या (म्हणजे ‘डेक’च्या) व्हीटी-५२ ला त्याच जागी ‘वाय’ हे अक्षर हवे असे. (याच एडीएम-३ए च्या कळफलकावर एच, जे, के, एल या कळांवर बाण छापलेले होते. बिल जॉय यांनी ‘व्हीआय’ हा संपादक त्यावर लिहिला आणि आजही तो वापरणाऱ्यांची बोटे त्याच चार कळांवर फिरतात.) एका टर्मिनलसाठी लिहिलेला कार्यक्रम दुसऱ्यावर चालवला, तर पडद्यावर निव्वळ कचरा दिसे.

यावर दोन उपाय निघाले. पहिला मानकाचा. युरोपातील एक्मा या संस्थेने १९७६ मध्ये ‘एक्मा-४८’ प्रसिद्ध केले. अमेरिकेचे ‘अॅन्सी एक्स ३.६४’ १९७९ मध्ये आले. डेकने मानक अंतिम होण्याची वाट न पाहता ऑगस्ट १९७८ मध्ये त्याच धर्तीवर व्हीटी-१०० बाजारात आणले, आणि ते इतके खपले की पुढे अनेकांच्या लेखी व्हीटी-१०० हेच मानक ठरले. दुसरा उपाय कोशाचा. बर्कली विद्यापीठात जॉय यांनी ‘टर्मकॅप’ ही नोंदवही तयार केली. कोणत्या टर्मिनलला कोणता संकेत कळतो, हे तीत लिहिलेले असे. तिच्याच आधारे केन अरनॉल्ड यांनी ‘कर्सेस’ हा संच रचला. एका कार्यक्रमाच्या आत पडद्याचे आयताकृती भाग पाडण्याची सोय त्यात होती व त्या भागांना ‘विंडो’ हेच नाव होते.

कर्सेसचे खरे कसब काटकसरीत होते. २४ गुणिले ८० म्हणजे १,९२० घरे. सेकंदाला ३० अक्षरे वाहून नेणाऱ्या दूरध्वनी जोडणीवर संपूर्ण पडदा नव्याने भरायला ६४ सेकंद लागत. ९,६०० बॉडच्या थेट तारेवरही दोन. म्हणून कर्सेस पडद्याची एक प्रत स्मृतीत ठेवी, जुन्या-नव्याची तुलना करी आणि बदललेली तेवढीच अक्षरे पाठवी.

खिडक्यांचे घोडे अडले ते मजकूर वर सरकवण्यापाशी. व्हीटी-१०० मध्ये पडद्याचा ठरावीक पट्टाच सरकवण्याची सोय होती. पण तो पट्टा डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत सलग असे. खिडक्या एकाखाली एक असतील, तर काम निभे. शेजारी शेजारी असतील, तर डावीकडची एक ओळ वर सरकवताना उजवीकडचीही सरके, अन्यथा संपूर्ण खिडकी पुन्हा रंगवावी लागे. डाव्या-उजव्या सीमा आखण्याची आणि आयताकृती तुकडा उचलून दुसरीकडे ठेवण्याची सोय डेकने व्हीटी-४२० मध्ये दिली, तोवर १९९० उजाडले होते. त्याच टर्मिनलवर एका तारेवरून दोन स्वतंत्र सत्रेही चालत. मात्र त्यासाठीचा संवादनियम डेकचा स्वतःचा होता.

हाच मुद्दा कॅलिफोर्नियातील डिस्प्ले इंडस्ट्री असोसिएशन या उद्योगसंघाने हाती घेतला. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी त्यांनी ‘अल्फाविंडोज’ हे मानक मांडले. अक्षरी टर्मिनलवर अनेक खिडक्या दिसाव्यात, प्रत्येक खिडकीने स्वतंत्र टर्मिनलप्रमाणे वागावे आणि ही व्यवस्था कोणा एका कंपनीची मिरास नसावी, असा त्यामागचा विचार. ज्या कचेऱ्यांत तारा टाकलेल्या होत्या आणि कामकाज अक्षरी कार्यक्रमांवर बेतलेले होते, त्यांच्यासाठी हा विचार व्यवहार्य होता. पण तो दहा वर्षे उशिरा आला. विंडोज ३.० मे १९९० मध्येच बाजारात आले होते, वैयक्तिक संगणक स्वस्त होत होता आणि एमआयटीत १९८४ साली सुरू झालेल्या एक्स विंडो प्रणालीने युनिक्सच्या जगात चित्रमय खिडक्या रुजवल्या होत्या. अल्फाविंडोजचे नाव आज जुन्या संगणकांच्या अभ्यासकांपलीकडे फारसे कोणाला ठाऊक नाही.

बाजी मारली ती कोणत्याही समितीने न ठरवलेल्या मार्गाने. बर्लिनच्या तंत्रविद्यापीठात ऑलिव्हर लाउमान व कार्स्टेन बोरमान यांनी १९८७ मध्ये ‘स्क्रीन’ हा कार्यक्रम लिहिला. त्याने खिडक्यांचा भार टर्मिनलवरून काढून मुख्य संगणकावर ठेवला. टर्मिनलला खिडक्यांचा पत्ताच नसतो. स्क्रीन आतल्या प्रत्येक कामाला एक आभासी टर्मिनल देतो आणि निवडलेले काम बाहेरच्या पडद्यावर रंगवतो. यातून अनपेक्षित लाभ हाती आला. दूरची जोडणी मध्येच तुटली, तरी आतले काम चालूच राहते. पुन्हा जोडले की पडदा जसाच्या तसा मिळतो. रात्रभर चालणारे काम पहाटे तार तुटल्याने वाया गेलेले पाहणाऱ्याला या सोयीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. निकोलस मॅरियट यांनी २००७ मध्ये सुरू केलेला ‘टीमक्स’ याच वाटेने गेला.

मानकांना अगदीच यश आले नाही, असे मात्र नव्हे. चौकट ओढून लहान-मोठी करता येऊ लागली, तेव्हा आकार बदलल्याची वार्ता आतल्या कार्यक्रमाला कळवणे भाग पडले. ४.३ बीएसडी या युनिक्समध्ये ती सोय आली. ऑक्टोबर १९८८ च्या आरएफसी १०७३ ने टेलनेट जोडणीवरून रुंदी व उंची प्रत्येकी दोन बाइटांत पाठवण्याचा नियम घातला. मात्र पॉसिक्स या अधिकृत मानकात चौकटीचा आकार विचारण्याची सोय दाखल व्हायला २०२४ साल उजाडावे लागले.

या इतिहासाचा चटका मराठी वापरणाऱ्याला आजही बसतो. एक अक्षर, एक घर ही व्यवस्था रोमन लिपीसाठी आखलेली; देवनागरीत जोडाक्षरे, काना, वेलांट्या. पुण्याच्या सी-डॅकने ‘जिस्ट’ कार्डाद्वारे अक्षरी पडद्यावर भारतीय लिप्या आणल्या होत्या, त्या संगणकाच्या आत वेगळे यंत्रांग बसवून. युनिकोडने लिपीचा साठा सर्वत्र पोहोचवला. घरांचा हिशेब मात्र सुटला नाही. ‘क्ष’ युनिकोडात तीन चिन्हांनी लिहिला जातो. कार्यक्रम त्याला दोन घरे मोजतो आणि टंक त्याचे एकच अक्षर काढतो. काना-वेलांटीला कुठे स्वतंत्र घर मिळते, कुठे मिळत नाही. दोघांची मोजणी जुळली नाही, की टीमक्समध्ये शेजारच्या खिडकीची उभी रेघ त्या ओळीपुरती वाकडी होते आणि कर्सर शब्दाच्या भलत्याच ठिकाणी जाऊन उभा राहतो.