थंडीचा सांगावा आपल्या वस्तीपर्यंत यावा

"भाऊ, काल रातीले लय हिव पडलं. मोबाईलवर त बारा डिग्री सांगत होते. बारा डिग्रीत अशी थंडी रायते काय?"

अनसिंगमधील आमच्या वस्तीतल्या एका मावशींनी कार्तिक महिन्यातल्या सकाळी हा प्रश्न विचारला. मावशी कापूस वेचायला जातात. त्यांचा मुलगा आणि सून दिवाळीनंतर वीटभट्टीवर असतात. नातवाला ताप आला म्हणून मावशी त्या रात्री भट्टीवरच, ताडपत्रीच्या खोपीत, जमिनीवर झोपल्या होत्या. प्रश्न साधाच होता. पण त्याचे उत्तर शोधताना हवामानाची बरीच माहिती हाती लागली आणि ती आपल्या कष्टकरी घरांपर्यंत पोहोचतच नाही, हेही ध्यानात आले. म्हणून हा लेखप्रपंच.

आकडा खरा, पण तो पेटीतला

मावशींना मी सांगितले, "मोबाईलवाला खोटं बोलला नाही आणि तुम्हीही खोटं बोलत नाही."

हवामान खात्याचा तापमापक उघड्यावर ठेवलेला नसतो. पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत तो जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर असतो. त्यामुळे त्यावर ऊन पडत नाही आणि आतली हवा मात्र खेळती राहते. सगळ्या गावांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता यावेत म्हणून सगळीकडे ही एकच पद्धत असते. म्हणजे किमान तापमान १२ अंश याचा अर्थ त्या पेटीतल्या हवेचे तापमान १२ अंश. निरभ्र आणि निवांत रात्री जमीन स्वतःची उष्णता आकाशाकडे सोडून देते. अशा वेळी जमिनीलगतची हवा पेटीतल्या हवेपेक्षा काही अंशांनी अधिक गार असते. थंड हवा जड असल्यामुळे ती पाण्यासारखी उतारावरून वाहत नाल्याकाठी आणि खोलगट भागात साचते. वीटभट्टी पाण्याच्या सोयीसाठी बहुधा नाल्याजवळच लावलेली असते.

आता विचार करा. पक्क्या घरात पलंगावर झोपणाऱ्याची रात्र आणि नाल्याकाठी जमिनीवर झोपणाऱ्याची रात्र एकच कशी असेल? आकडा एकच जाहीर होतो, पण थंडी सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नाही. कष्टकरी माणसाने जाहीर आकड्यातून मनातल्या मनात आणखी काही अंश वजा करूनच पांघरुणाचा हिशेब करावा.

थंडी येते कशी, जाते कशी

पावसाळा माघारी गेला की उत्तरेकडून कोरडे वारे वाहू लागतात आणि आकाश स्वच्छ होते. ढग म्हणजे पृथ्वीचे पांघरूणच असते. ते नसले की दिवसभर तापलेली जमीन रात्री झपाट्याने निवते. म्हणून सर्वांत कडक थंडी मध्यरात्री न पडता पहाटे, सूर्य उगवण्याच्या सुमारास पडते. वाशिमचा परिसर पठारी आहे आणि समुद्रही दूर आहे. त्यामुळे आपल्याकडे दिवस उबदार असला तरी रात्र बोचरी असते.

हिमालयात पश्चिमेकडून येणारी वादळी प्रणाली बर्फ पाडून पुढे सरकली की तिच्यामागून थंड वारे आपल्यापर्यंत उतरतात. उलट बंगालच्या उपसागरात चक्रीवादळ किंवा कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले की ढग येतात आणि थंडी एकदम पळते. लोक म्हणतात, "यंदा थंडी संपली." पण ढग हटले की ती दुप्पट जोराने परतते. ऊबदार कपडे पेटीत बंद करण्याची घाई याच वेळी महागात पडते.

कडाक्याची थंडी आणि थंडीची लाट यांत फरक आहे. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली गेले आणि ते नेहमीच्या सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी असले, तर हवामान खाते थंडीची लाट जाहीर करते. विदर्भात थंडी कुठपर्यंत जाऊ शकते याचे उदाहरण म्हणजे २९ डिसेंबर २०१८ ची नागपूरची रात्र. त्या दिवशी तेथे ३.५ अंश तापमान नोंदले गेले.

अंदाजाची भाषा समजून घ्या

आपल्या विभागाचा अंदाज नागपूरचे प्रादेशिक हवामान केंद्र देते. त्यातील शब्द सरकारी असले तरी प्रत्येकाला ठरलेला अर्थ आहे. "तुरळक ठिकाणी पाऊस" म्हणजे विभागातल्या शंभर केंद्रांपैकी फार तर पंचवीस केंद्रांवर पाऊस. "काही ठिकाणी" म्हणजे सव्वीस ते पन्नास, "बऱ्याच ठिकाणी" म्हणजे एक्कावन्न ते पंचाहत्तर आणि "बहुतांश ठिकाणी" म्हणजे त्याहून अधिक. तेव्हा "तुरळक" म्हटले आणि अनसिंगला थेंब पडला नाही, तर अंदाज चुकला असे होत नाही.

रंगांचेही तसेच आहे. हिरवा म्हणजे काळजी नको, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे तातडीने कृती करा. वस्तीतल्या शाळकरी मुलालाही हे चार रंग पाठ असावेत.

एक-दोन दिवसांचा अंदाज बऱ्यापैकी भरवशाचा असतो. पाच दिवसांचा अंदाज दिशा दाखवतो. पण "पुढच्या महिन्याच्या अमुक तारखेला तमुक तालुक्यात पाऊस" असे कोणी मोबाईलवर छातीठोकपणे सांगत असेल, तर त्यावर विश्वास ठेवून मजुरी बुडवू नका. इतक्या लांबचा नेमका दिवस सांगण्याची विद्या जगात कोणाकडेही नाही.

इशारा होता, पण पोहोचला नाही

२०२३ च्या नोव्हेंबर अखेरीस विदर्भ-मराठवाड्यासह राज्यात अवकाळी पाऊस आला, अनेक ठिकाणी गारपीट झाली. शेतात तूर आणि कापूस उभा होता. हवामान खात्याने इशारा आधीच दिला होता. मावशींच्या मुलाने आणि सुनेने त्या आठवड्यात थापलेल्या कच्च्या विटा पटांगणात वाळत पडल्या होत्या. एका रात्रीच्या पावसात त्यांचा चिखल झाला. वीट थापणाऱ्याला हजारी भाव मिळतो. भिजलेली वीट मोजणीत धरत नाहीत. आठ दिवसांची दोन माणसांची मेहनत वाहून गेली आणि घेतलेली उचल अंगावर राहिली.

मुलगा म्हणाला, "मालकाले मालूम होतं म्हणे. आमाले कोणी सांगतलंच नाही."

वाचकहो, हे वाक्य मला विसरता आलेले नाही. आदल्या संध्याकाळी कळले असते तर ताडपत्री टाकता आली असती, निदान त्या दिवशी नव्या विटा थापल्या नसत्या. उपग्रहाने ढग पाहिले, पुण्या-दिल्लीच्या संगणकांनी गणित केले, नागपूरने इशारा दिला आणि शेवटच्या शे-दोनशे पावलांवर तो अडला. ज्ञान काहींच्या खिशात राहिले आणि नुकसान दुसऱ्यांच्या पदरात पडले.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच समाजाच्या अनुभवातले आहे. २०१७ साली महापरिनिर्वाण दिनासाठी लाखो बांधव दादरला निघाले असताना ओखी चक्रीवादळ अरबी समुद्रातून गुजरातच्या दिशेने सरकत होते. ५ डिसेंबरला मुंबईत पाऊस झाला आणि शिवाजी पार्कच्या मैदानात चिखल झाला. पण वादळाची वाट आधीच कळली होती, म्हणून मुंबई महापालिकेने आलेल्या अनुयायांसाठी आपल्या शाळा उघडून दिल्या. लेकुरवाळ्या बायांना आणि म्हाताऱ्या माणसांना छप्पर मिळाले. वेळेवर कळले आणि कळल्यावर कोणी हललेही, तर काय होते ते या प्रसंगाने दाखवले.

जुने ठोकताळे तपासून घ्या

आपल्या आजी-आजोबांजवळही हवामानाचे ज्ञान होते. भाडळीच्या नावाने ओळखली जाणारी पावसाची मते आजही सांगितली जातात. लोककथेत ही भाडळी अस्पृश्य आईची लेक म्हणून येते. निरीक्षणाची ताकद कोण्या एका जातीच्या घरी गहाण नव्हती, एवढे तरी या कथेतून कळते.

मात्र जुने ते सगळे खरे असे मानू नये, आणि सगळे टाकाऊ असेही मानू नये. चंद्राभोवती खळे पडले की पावसाचा संभव असतो, या म्हणण्यामागे कारण आहे. ते खळे उंचावरच्या हिमकणांच्या पातळ ढगांमुळे पडते आणि असे ढग पुष्कळदा वादळी प्रणालीच्या पुढे चालतात. संध्याकाळी चुलीचा धूर वर न जाता वस्तीवर आडवा पसरला, तर खाली थंड आणि वर उबदार हवेचा थर झाला आहे असे समजावे. ती रात्र गारठ्याची जाते. पण बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळला अक्षय्य तृतीयेला धान्याची घटमांडणी करून वर्षभराचे पीकपाणी आणि राज्यकारभाराचे भाकीत सांगतात, त्यामागे असे कोणतेही कारण दाखवता येत नाही. कसोटी एकच लावा. कारण सांगता येते काय, आणि लिहून ठेवलेले भाकीत पुढे खरे ठरते काय?

रात्री नऊ वाजता तीन प्रश्न

आज रात्री किती थंडी पडेल हे घरबसल्या ओळखता येते. रात्री नऊला अंगणात या आणि स्वतःला विचारा. आकाशात चांदण्या स्वच्छ दिसतात काय? वारा पडला आहे काय? हवा कोरडी आहे काय? तिन्ही उत्तरे "होय" असतील तर पहाट कडक जाणार. ढग असतील किंवा वारा वाहत असेल तर गारठा कमी राहील. पाऊस पडून आकाश मोकळे झाले आणि वारा थांबला, तर पहाटे धुके पडण्याचा संभव मोठा. तुरीच्या फुलोऱ्याला धुके आणि ढगाळ हवा घातक असते. फुलगळ होते, अळी वाढते. पहाटेच्या गाडीने जाणाऱ्यांनीही धुक्याच्या दिवशी थोडे लवकर निघावे.

माहिती कुठे मिळते

अनसिंग हे महसूल मंडळ आहे. राज्याच्या "महावेध" प्रकल्पात २०१७ पासून मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. २४ ऑक्टोबर २०२४ पासून केंद्र सरकारने ग्रामपंचायत पातळीवरचा पाच दिवसांचा अंदाज सुरू केला असून तो "मेरी पंचायत" या ॲपवर मिळतो. "मौसम" आणि "मेघदूत" ही ॲपही फुकट आहेत. मात्र कृषी विज्ञान केंद्रांतले १९९ जिल्हा कृषी-हवामान कक्ष बंद करण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. शेतकरी-शेतमजुरांच्या जवळची सेवा अशी काढून घेतली जाते तेव्हा आपणही विचारणा केली पाहिजे.

आपल्या लेकींना एक नाव जरूर सांगा. ते नाव आहे अण्णा मणी यांचे. केरळात १९१८ साली जन्मलेल्या या बाईंनी सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत संशोधन केले. पण एम.एस्सी. नाही म्हणून त्यांना पीएच.डी. नाकारली गेली. त्या खचल्या नाहीत. १९४८ साली पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या आणि सुमारे शंभर हवामान-उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून ती भारतात तयार होतील अशी सोय केली. १९७६ साली त्या उपमहासंचालक पदावरून निवृत्त झाल्या.

आपण काय करावे

पहिले काम फळ्याचे. समाजमंदिराच्या किंवा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक काळा फळा लावा. रोज संध्याकाळी पाचला एका मुलाने किंवा मुलीने त्यावर चार ओळी लिहाव्यात. उद्याचे किमान तापमान, पावसाची शक्यता, इशाऱ्याचा रंग आणि कोणासाठी काय सूचना, एवढेच. मोबाईल नसलेल्या आजीलाही कोणीतरी ते वाचून दाखवील. भट्टीवर आणि शेतावर राहणाऱ्या कुटुंबांना फोन करण्याची जबाबदारी एका तरुणाने घ्यावी.

दुसरे काम नोंदवहीचे. वर्गणी काढून कमाल-किमान तापमापक आणावा आणि सावलीत, भिंतीपासून दूर, चार फूट उंचीवर टांगावा. रोजचा आकडा वहीत लिहावा. मी हिशेबाच्या वह्यांतच आयुष्य काढलेला माणूस आहे. लिहिलेल्या आकड्याला वजन असते, हे अनुभवाने सांगतो. उद्या शाळेची सकाळची वेळ बदलून मागायची असेल तर अर्जासोबत ही वही जोडता येईल.

तिसरे काम घरातले. लहान बाळाचे डोके आणि पाय झाकलेले असू द्या. एका जाड पांघरुणापेक्षा दोन पातळ पांघरुणे अधिक ऊब धरतात. जमिनीवर झोपताना अंगावर जितके घ्याल तितकेच अंगाखाली घ्या. पोते, तरट, वाळलेले गवत काहीही चालेल. दम्याच्या आणि रक्तदाबाच्या म्हाताऱ्या माणसांना पहाटे गारठ्यात बाहेर पाठवू नका. आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून कधीही झोपू नका. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. झोपेतच माणसे दगावतात.

मावशींच्या खोपीत आता जमिनीवर गवत आणि त्यावर पोत्यांचा थर आहे. नातू बरा आहे. परवा संध्याकाळी त्या पुन्हा भेटल्या. मी काही बोलण्याआधी त्यांनीच आकाशाकडे बोट दाखवले.

"भाऊ, चांदण्या साफ हायेत, वारा बी नाही. आज तुमच्या आकड्यातून चार कमी करून झोपतो."