रांगेत मांडलेले आरसे

कर्वेनगरच्या मुख्य रस्त्यावरून आतल्या गल्लीत वळलं की आधी कानावर येतात ते व्हॅनचे हॉर्न. संध्याकाळचे पाच. ऑक्टोबरचं ऊन अजून भिंतींवरून उतरलेलं नाही. व्हॅनच्या दारातून आधी दप्तरं बाहेर येतात, मग पाण्याच्या बाटल्या, मग मुलं. मोजे घोट्यापर्यंत घसरलेले. गालांवर घामाच्या रेघा. व्हॅनवाले काका एकेकाला नावानं हाक मारत उतरवतात आणि पलीकडे उभ्या असलेल्या आजी-आजोबांच्या हवाली करतात.

खांबाखांबावर क्लासच्या पाट्या. अबॅकस. हस्ताक्षर सुधारा. कथक. तबला. स्केटिंग. त्यांच्यामध्ये एक नवा गुलाबी फ्लेक्स: ‘मुलींसाठी ग्रूमिंग आणि ब्युटी क्लब, वय 6 ते 10, शाळा सुटल्यावर’. फ्लेक्सवरच्या मुलीच्या ओठांना लिपस्टिक आहे. समोरचा एक दात पडलेला आहे.

क्लब भरतो तो सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये. पायऱ्यांवर शाळेचे काळे बूट ओळीनं काढलेले, ओळ वरपर्यंत गेलेली. आत जायला रांग. दारातली मदतनीस ताई एकेकीचा चेहरा ओल्या रुमालानं पुसते, हात धुवायला पाठवते, डोक्यात उवा आहेत का बघते. एकीची वाढलेली नखं तिथंच कापते आणि सांगते, “दर रविवारी कापायची बरं का.” मुलगी मान डोलावते. हे इथलं सगळ्यात चांगलं काम. ते दारातच उरकतं.

बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या. पंखा एकच, आणि तो गरम वारा खाली ढकलतोय. आया फोनवर, आज्या पदरानं वारा घेतायत. एक आई नुकतीच हिंजवडीहून आलेली, गळ्यात अजून ऑफिसचं कार्ड. म्हणते, “एरवी मला यायला सात वाजतात. घरी मोबाईल घेऊन बसण्यापेक्षा इथं चार मुलींत तरी असते.” दुसरी म्हणते, “डिसेंबरात गॅदरिंग आहे. स्टेजची भीती जाईल.” पहिल्या आईचं म्हणणं मला खोडता येत नाही. शाळा सुटल्यापासून सातपर्यंतचे तास शहरातल्या कितीतरी घरांत रिकामे पडलेत. ते भरायला जो पुढे येईल, त्याच्या हाती मूल जातं.

आत पाऊल टाकताच नाकाला झोंबतो रिमूव्हरचा वास. एसी लावलाय, म्हणून खिडक्या बंद. रिमूव्हरमधलं अॅसिटोन झपाट्यानं उडतं, चटकन पेट घेतं आणि कोंदट खोलीत डोकं दुखवतं. एक मुलगी लागोपाठ तीन शिंका देते. टीचर उठून एक खिडकी उघडतात. टीचर तरुण आहेत, ब्युटी पार्लरचा कोर्स केलेल्या, आवाजानं मऊ. मुलींना त्या आवडतात हे दिसतंच.

पहिलं टेबल नेलपेंटचं. इथं गलका आहे, हसणं आहे. एक मुलगी दहा नखांना दहा रंग लावून घेते. तिला न्यायला आलेला धाकटा भाऊ मध्येच हात पुढे करतो, त्यालाही एक निळं नख मिळतं. तो ते बाहेर जाऊन आजोबांना दाखवतो. आजोबा चष्मा वर करून बघतात आणि म्हणतात, “आकाशाचा रंग निवडलास की!” रंग अंगाला फासून घ्यायची हौस मुलांची आदिम हौस आहे. तिच्याशी माझं काही भांडण नाही.

शेजारी मेंदी. भोंडला होऊन फार दिवस झालेले नाहीत, काही तळहातांवर जुनी नक्षी अजून फिकी दिसते. नातीसोबत आत आलेली एक आजी कोन उचलते, वास घेते. “ही लगेच काळी होते का?” टीचर म्हणतात, “हो आजी, अर्ध्या तासात.” आजी कोन खाली ठेवते, नातीचा हात ओढून घेते. पानांच्या मेंदीला रंगायला तास लागतात आणि ती तांबूसच रंगते. झटपट काळ्या होणाऱ्या मेंदीत बहुधा पीपीडी असतं, केसांच्या कलपातलं रसायन. त्यानं कातडीवर फोड येऊ शकतात, आणि एकदा अंगाला त्याची अॅलर्जी जडली की ती बहुतेकदा जन्मभर राहते.

पुढे डोळ्यांचं टेबल. चमकीची एक डबी, एक ब्रश, सहा मुली. 2023 च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळ्यांची साथ कशी पसरली होती हे इथल्या प्रत्येक आईला आठवत असणार. ब्रश एका पापणीवरून दुसरीवर जातो.

हॉलच्या टोकाला पांढरी चादर घातलेलं लांब टेबल. त्यावर रांगेत आरसे. मुली मांडी घालून समोर बसतात, पाठी ताठ. गलका थांबतो. टीचर प्रेमानं सांगतात, “आता नीट बघा. आपल्या चेहऱ्यात काय काय सुधारता येईल ते शोधायचं.”

मुली बघतात. आठ वर्षांची एक बोटानं नाक दाबते. “टीचर, माझं नाक पसरट आहे ना?” दुसरी विचारते, “मी सावळी आहे, मला कुठला रंग चालेल?” तिसरी काहीच बोलत नाही. ती शेजारच्या आरशात बघते, मग स्वतःच्या, मग पुन्हा शेजारच्या.

माझं म्हणणं आहे ते इथं, या टेबलाशी. मघा नेलपेंटच्या टेबलावर याच मुलींना चेहरा आहे याची आठवणही नव्हती. तो हसायला होता, वेडावून दाखवायला होता. आता त्यात दोष शोधायचा अभ्यास मिळाला. सहा ते दहा वर्षांच्या मुलीला हा धडा नको. टीचर कितीही प्रेमळ असोत, नको. मुलांच्या मनात आपल्या शरीराविषयी न्यूनभाव निर्माण करणाऱ्या जाहिराती चालणार नाहीत, असं केंद्र सरकारच्या 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांत लिहिलंय. पण ती तत्त्वं जाहिरातींपुरती आहेत. सोसायटीच्या हॉलमध्ये पालक आपणहून फी भरून जे शिकवतात, तिथवर ती पोचत नाहीत.

आरशांपुढे बाटल्या येतात. फेसवॉश, टोनर, सीरम, क्रीम. मुलींना क्रम पाठ आहे, टीचरच्या आधी त्याच म्हणतात. कुठून पाठ झाला? “रील्समधून!” सगळ्या एका सुरात. अमेरिकेतल्या संशोधकांनी 7 ते 18 वर्षांच्या मुलींनी टाकलेले असे 100 व्हिडिओ तपासले, निष्कर्ष 2025 मध्ये प्रसिद्ध झाले. एकेका मुलीच्या रूटीनमध्ये सरासरी सहा उत्पादनं, महिन्याचा खर्च सरासरी 168 डॉलर. सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या व्हिडिओंत त्वचेची आग करू शकणारे सरासरी 11 घटक. दिवसाच्या रूटीनपैकी फक्त 26 टक्क्यांत सनस्क्रीन. इथल्या टेबलावरही सनस्क्रीन दिसत नाही. दुपारभर शाळेच्या मैदानावर तापून आलेल्या या मुलींना टोपी आणि साधं पाणी जास्त उपयोगाचं.

खिडकीपाशी केसांचं काम चाललंय. स्ट्रेटनरचा लाल दिवा लागलेला. सातवीत असेल अशी मोठी मुलगी मदतीला आलीये, ती एका लहानगीचे कुरळे केस बट-बट धरून सरळ करते. लहानगी मान आखडून बसलीये, कानाला चटका बसेल म्हणून. या खिडकीतून पलीकडची झाडं दिसतात, त्यामागे जुनं हिंगणे. 1900 मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी अनाथ बालिकाश्रम पुण्यातून तिथं माळावर हलवला. कॉलेजात शिकवून झालं की ते रोज पायी तिथं जात. आश्रमात आलेल्या कितीतरी विधवांच्या डोक्यावरचे केस समाजानं उतरवलेले होते. कर्व्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले त्यांतल्याच, पुढे आश्रमाचा मोठा भार त्यांनी उचलला. केस पुन्हा राखायचे हे त्यांनी खूप उशिरा ठरवलं, आणि स्वतः ठरवलं. मुलीच्या केसांचं काय करायचं हे दुसऱ्यांनी ठरवायचं, ही रीत मोडायला याच माळावर माणसं झिजली. लहानगीला मी विचारते, “तुला सरळ केस हवेत?” ती आधी आईकडे बघते.

साडेसहा. दार उघडतं, पालक आत येतात, फोन वर होतात, फोटो निघतात. मेंदीवाली आजी मात्र टीचरपाशी जाऊन उभी राहते.

“बाई, वाईट मानू नका. वेण्या घालायला शिकवा. सागरवेणी, खजूरवेणी, मी येते शिकवायला. नखं, दात, उवा, सगळं शिकवा. तेवढे आरसे काढून टाका.”

टीचर चादर घडी घालता घालता थांबतात. “आजी, मागच्या महिन्यात वेण्याच ठेवल्या होत्या. सात मुलींची नावं कमी झाली. पुढच्या महिन्याला पालकांनी काय मागितलंय, माहितीये? नवरीचा मेकअप.”

“मग कोणी मागितलाय ते सांगा,” आजी म्हणते, आणि फोटो काढणाऱ्या आयांकडे वळते.