भाडोत्री तलवार आणि कंपनीची आगबोट

राज्यविस्तार केवळ सरकारी फौजाच करतात असे नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत 'फिलिबस्टर' नावाची एक जमात निपजली. सरकारी सनद नाही, हुकूम नाही. वर्गणी काढून माणसे जमवावीत नि शेजारच्या देशात घुसावे, हा त्यांचा धंदा.

त्यांतला मेरुमणी विल्यम वॉकर. वैद्यकी, वकिली, वृत्तपत्र सारे करून झालेला हा गृहस्थ १८५५ साली अवघे साठेक लोक घेऊन निकाराग्वात उतरला. तेथील यादवीतल्या एका पक्षानेच त्याला बोलाविले होते. अमेरिकेचा तटस्थतेचा कायदा आड येऊ नये म्हणून करारात ह्या शिपायांना 'वसाहतवाले' म्हटले होते. (कागद कसा लिहावा हे अशांना शिकवावे लागत नाही!)

जुलै १८५६ मध्ये तो राष्ट्राध्यक्ष झाला. सप्टेंबरात त्याने गुलामगिरीवरील बंदी उठविली. मध्य अमेरिकेत ती १८२४ पासून होती. अमेरिकेच्या दक्षिणेतील गुलाममालकांचा पाठिंबा त्याला हवा होता. शिवाय मजुरास कराराने जखडणारी, 'उनाडां'ना सक्तीने राबविणारी फर्मानेही निघाली. आम्हा कामगारांना वॉकरची खरी ओळख रणांगणावर नव्हे, येथे पटते.

त्याची नवी भरती येई ती व्हँडरबिल्टच्या वाहतूक कंपनीच्या आगबोटींतून. वॉकरने कंपनीची सनद हिरावून तिच्याच फुटीर कारभाऱ्यांस दिली, तेव्हा व्हँडरबिल्ट शत्रूस मिळाला. कोस्टारिकाने आगबोटी पकडल्या, रसद तुटली. १ मे १८५७ रोजी वॉकर शरण गेला. पुन्हा शिरू पाहताना पकडला गेला नि १२ सप्टेंबर १८६० रोजी होंडुरासात त्याला गोळ्या घातल्या.

कोस्टारिकात सुटी असते ती ११ एप्रिलची. १८५६ साली त्या दिवशी रिव्हास येथे वॉकरच्या लोकांचा आसरा पेटवून देताना पडलेल्या हुआन सांतामारिया ह्या गरीब घरच्या ढोलवाल्या पोराच्या स्मरणार्थ.