बद्द आवाजाची परीक्षा

इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग सुरू केला. ताणा आणि बाणा हे शब्द या गावाच्या नित्य व्यवहारातले आहेत. कार्बन तंतूंच्या सायकलीची फ्रेम समजून घेण्यास तेच शब्द उपयोगी पडतात. कारण ही फ्रेम वस्तुतः राळेत घट्ट झालेले वस्त्र होय. तीतील एकेक तंतू सुमारे ७ मायक्रॉन जाडीचा असतो. काही थर विणलेले असतात, तर काहींत नुसता ताणाच असतो. असे थर निरनिराळ्या दिशांनी एकावर एक बसवून ते इपॉक्सी राळेने सांधलेले असतात.

पोलादी नळीवर आघात झाला की पोचा पडतो व तो डोळ्यांना दिसतो. कार्बनच्या नळीचे तसे नाही. वरचा रंग शाबूत राहूनही आतील पापुद्रे सुटलेले असू शकतात. म्हणून ओरखडा, तडा आणि पापुद्रे सुटणे या तीन गोष्टींत भेद करणे अगत्याचे आहे. ओरखडा केवळ रंगापुरता असेल तर भय नाही; उरलेल्या दोहोंची शंका येताच सायकल चालविणे थांबवावे.

प्राथमिक परीक्षा कानाने होते. नाण्याने नळीवर हलके टिचकावीत गेले असता निकोप भाग खणखणीत वाजतो, सुटलेला भाग बद्द वाजतो. मडके पारखणाऱ्यास हा भेद सांगावयास नको. तथापि सांध्याजवळ नळीची जाडी पालटते व आवाजही पालटतो. यास्तव दुसऱ्या बाजूच्या त्याच जागेशी तुलना करावी. शंका उरल्यास श्राव्यातीत ध्वनिलहरींनी तपासणी करवून घ्यावी.

मागावर तुटलेला धागा गाठ मारून जोडता येतो. येथे गाठ चालत नाही. दुखावलेला भाग पायऱ्यापायऱ्यांनी घासून, मूळच्याच दिशांनी नवे थर चढवावे लागतात. प्रत्येक नवा थर शेजारच्या निकोप भागावर पुरेसा पसरला, तरच राळेमार्फत भार एका तंतूकडून दुसऱ्याकडे जातो. घासताना उडणारी धूळ फुफ्फुसांस अपायकारक असल्याने तोंडावर योग्य मुखवटा हवा. पुढचे चाक धरणारा चिमटा दुखावला असेल, तर तो दुरुस्त न करता बदलावा. तो मोडल्यास स्वारास सावरण्यास अवधी मिळत नाही.

पोलाद बहुधा वाकून पूर्वसूचना देते. कार्बन बहुधा एकाएकी मोडतो. म्हणूनच त्याचा बद्द आवाज वेळीच ऐकला पाहिजे.